फोनवाल्यांची सून

नाव: विमला शिवा विलणकर. लिंग: स्त्री. वय: शिधापत्रिकेनुसार अठ्ठावन्न, मतदार यादीनुसार एकसष्ट. उंची मध्यम, वर्ण सावळा. ओळखीची खूण: उजव्या अंगठ्यावर शिंगाळा माशाचा काटा लागल्याचा व्रण. शिक्षण: सातवी (नापास झाल्याचे सिद्ध झालेले नाही). व्यवसाय: काही नाही. स्थावर मालमत्ता: निरंक. जंगम मालमत्ता: निरंक. कायमचा पत्ता: कड्याखालची वाडी, तालुका व जिल्हा रत्नागिरी. सध्याचा पत्ता: वरीलप्रमाणे. सदर व्यक्ती वरील पत्त्यावर बाराही महिने हजर असून संपर्कासाठी सदैव उपलब्ध आहे.

यातलं शेवटचं वाक्य कुठल्याही सरकारी दप्तरात सापडणार नाही. पण दप्तरातली बाकीची माहिती वाडीत कुणाला ठाऊक नाही आणि हे वाक्य सगळ्यांना ठाऊक आहे, तेव्हा जास्त खरं कोणतं ते ज्याचं त्याने ठरवावं.

व्यवसायाबद्दल थोडा खुलासा करायला हवा. नोंदी घेणारे मास्तर आले तेव्हा विमला सासऱ्याच्या गुडघ्याला तेल चोळत होती, आत पेज शिजत होती, अंगणात मांदेली सुकत होती आणि मांदेलीवर उतरणाऱ्या कावळ्यांना ती बसल्या जागेवरून शिव्या घालत होती. मास्तरांनी विचारलं, ‘आपण काय करता?’ विमला म्हणाली, ‘काय नाय.’ मास्तरांनी तसं लिहून घेतलं.

वाडी आहे समुद्र आणि कडा यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत. वर सडा म्हणजे उघडं कातळाचं पठार, खाली घरं, मध्ये जांभ्या दगडाची पाखाडी. पायऱ्या चढून सड्यावर गेलं की जगाशी संबंध येतो. एस्टी तिथे थांबते, मोबाईलला रेंज तिथे मिळते, आणि वाडीतली माणसं एकमेकांच्या सुनांबद्दल बोलतात तीही तिथेच, कारण खाली सगळं ऐकू जातं.

या वाडीत पहिला फोन आला तो विलणकरांच्या घरी. विमलाचा सासरा भागोजी तेव्हा तांडेल, म्हणजे होडीचा कप्तान, आणि मच्छीमार सोसायटीचा अध्यक्ष होता. काळा, जड, तबकडीचा फोन ओटीवरच्या फळीवर बसला, त्याच्यावर विमलाने विणलेला रुमाल पडला, आणि विलणकरांचं घर हे फोनवाल्यांचं घर झालं. आता मान म्हटला की काम आलं. वाडीतल्या दर घरातला एक तरी पुरुष मुंबईत, आणि त्या सगळ्यांना हा एकच नंबर पाठ. पद्धत अशी बसली होती: फोन वाजायचा, विमला हातातलं टाकून उचलायची, मुंबईतला माणूस घाईघाईने म्हणायचा, ‘अमक्याला बोलावून ठेवा, दहा मिनिटांनी करतो,’ आणि ठेवून द्यायचा, कारण तिकडे एसटीडी बूथवरचे आकडे पळत असायचे. मग विमला पळायची. अमका असेल तिथे. विहिरीवर, होडीवर, दुसऱ्याच्या भांडणात. त्याला आणून ओटीवर बसवायची, त्याच्याबरोबर त्याचं अर्धं घर यायचं, आणि सगळी मिळून फोनकडे बघत बसायची.

भागोजीने स्वतः तो फोन कधी उचलला नाही. त्याच्यासाठी फोन आला तरी विमलाने उचलायचा, ‘हां, आहेत’ म्हणायचं आणि पदराने पुसून रिसीव्हर त्याच्या हातात द्यायचा. अध्यक्षाने फोन घ्यायचा असतो, उचलायचा नसतो. हे कुणी ठरवलं नव्हतं, म्हणून ते मोडायचं कसं तेही कुणाला माहीत नव्हतं.

पुढे मोबाईल आले. खाऱ्या वाऱ्याने केबल खाल्ली, ती कोणी दुरुस्त केली नाही, आणि काळा फोन कपाटावर गेला. विमलाचं पळणं थांबलं. माणसाला मोकळं वाटायला लागलं की त्याला वाटतं ही आता कायमची सोय झाली. विमलालाही तसं वाटलं.

विमलाची धाकटी बहीण हिरा हर्णेला दिलेली. तिचा सुक्या मासळीचा धंदा. हर्णे बंदरात संध्याकाळी लिलाव होतो, तिथून माल उचलायचा, खारवायचा, सुकवायचा, दापोलीच्या बाजारात न्यायचा. हिराची भागीदार म्हणजे तिची जाऊ; ती मुलाकडे विरारला गेली ती तिथलीच झाली. गणपती झाल्यावर हिराने विमलाला सड्यावर गाठलं, म्हणजे फोनवर.

‘माझ्याबरोबर येतेस का? अर्ध्या हिश्शाने. पण दसऱ्याला सुरुवात करायची. तोवर नाय आलीस तर मी दुसरी बघेन. रडत बसणार नाय.’

‘इकडे बाबांचं कोण बघेल?’

‘मी भागीदार विचारतेय गो, तुझ्या सासऱ्याची व्यवस्था नाय विचारत.’

विमला पाखाडी उतरून खाली आली ती वेगळ्याच चालीने. आयुष्यभर तिने मासे सुकवले होते, पण ते घरचे. सुकवणं, कावळे हाकणं, पावसाची सर आली की उचलून आत घेणं, या सगळ्याला अर्धा हिस्सा असतो हे तिला पहिल्यांदा कळत होतं. तिने लगेच कुणाला सांगितलं नाही, पण तीन जुनी लुगडी फाडून खाऱ्या हातांसाठी फडकी शिवून ठेवली.

नवरा शिवा मुंबईत गोदीजवळच्या एका गोदामात राखणदार. गणपती आणि शिमगा सोडून तो नवरा आहे हे फोनवरूनच कळायचं. विमलाने सड्यावर जाऊन त्याला हर्णेचं सांगितलं. तो ‘नको’ म्हणाला नाही. ‘नको’ म्हणणारी माणसं बरी, त्यांच्याशी भांडता तरी येतं. शिवाने अडचणी सांगितल्या.

‘बाबांचं जेवण?’

‘मैना करेल. ती हो म्हणालीय.’ मैना म्हणजे शेजारची चुलत जाऊ. दोन्ही स्वयंपाकघरांमध्ये एकच भिंत.

‘गुडघ्याला तेल?’

‘हात चांगले आहेत त्यांचे. स्वतः लावतील.’

मग शिवा म्हणाला, ‘आणि त्यांना काही झालं तर मला कळणार कसं? खाली रेंज नाही.’

त्याने आधी एक उपाय करून पाहिला होता. भागोजीला टीव्हीवर क्रिकेट दिसावं म्हणून घरात इंटरनेटची फायबर घेतली होती, तिच्यावर चालेल म्हणून स्वतःचा जुना टचवाला मोबाईल पाठवला होता. पण जन्मभर दोर ओढलेल्या भागोजीच्या बोटांची कातडी अशी झाली आहे की काचेला ती बोटं वाटतच नाहीत. तो दाबायचा, मोबाईल ढिम्म. शेवटी त्याने तो मोबाईल डब्यात ठेवला आणि डबा विमलाकडे दिला. विमलाचा स्वतःचा बटणांचा, रेंजशिवाय निरुपयोगी.

‘घरात पहिल्यासारखा फोन असता तर गोष्ट वेगळी होती,’ शिवा म्हणाला. पंख असते तर उडालो असतो, अशा सुरात.

विमलाने ती अट मानली.

फायबर बसवायला आलेल्या पोराने इंटरनेटच्या डब्याच्या मागचं एक रिकामं भोक दाखवून म्हटलं होतं, ‘इथे फोन लागतो. जुना नंबरच चालू होईल.’ ते तिला आठवलं. प्लास्टिकचा नवा फोन घ्यायला हरकत नव्हती. पण त्याची किणकिण भागोजीला ऐकू येत नाही. इंजिनाशेजारी आयुष्य काढलेल्या त्याच्या कानांना टीव्ही, विमला आणि मेघगर्जना एवढंच ऐकू येतं. जुन्या फोनची घंटा मात्र येईल. तेव्हा कपाटावरून काळा फोन खाली आला. आत पालीची अंडी होती.

फोन नीट करायला रत्नागिरीहून माळनाक्याचा रावजी आला. टेलिफोन खात्यात खांबावर चढून निवृत्त झालेला, तोंडात तंबाखू, खांद्याला झोळी. मजुरी नको म्हणाला, ओले बांगडे चालतील म्हणाला. त्याने फोन उलटा केला, बुडाचे स्क्रू काढले, आत पाहिलं आणि टोपी काढली.

‘मेलेला नाही,’ तो म्हणाला. ‘निजलाय.’

‘उठवा त्याला,’ विमला म्हणाली.

‘उठवतो, पण त्याच्या वायरीला चार तारा, आणि तुमच्या ह्या डब्याला दोनच लागतात. पूर्वी भिंतीवर गोल डबी असायची, स्क्रूला तारा गुंडाळायच्या. आता हे उंदराच्या दाताएवढं भोक. ह्याच्यात काडीएवढी क्लिप जाते.’ त्याने झोळीतून क्लिपवाली नवी वायर काढली, तिचं दुसरं टोक कापलं, आतल्या दोन बारीक तारा दातांनी सोलल्या आणि फोनच्या पोटातल्या स्क्रूंना बसवल्या. जुन्या सुती वायरीचा तुकडा त्याने हळूच स्वतःच्या झोळीत टाकला.

क्लिप भोकात ‘टक्’ करून बसली. विमलाने रिसीव्हर कानाला लावला. आत लांबलचक सूर होता. तो सूर तिने इतकी वर्षं ऐकला नव्हता आणि तो तिला आवडत नव्हता, हे दोन्ही तिला एकदम आठवलं.

‘आता बाहेरून लावून बघू,’ म्हणत रावजी पाखाडी चढून सड्यावर गेला. विमला फोनसमोर उभी राहिली. भागोजी आरामखुर्चीत, फोनपासून हातभर अंतरावर. बराच वेळ झाला. फोन गप्प. शेवटी रावजी धापा टाकत खाली आला.

‘उचलत का नाही तुम्ही? तिकडे रिंग जातेय!’

‘वाजला कुठे?’

‘वाजला नाही?’

‘वाजला असता तर मी काय त्याची पूजा करत बसले असते?’

रावजीने पुन्हा पोट उघडलं. चूक त्याचीच होती. पूर्वी घंटेची तार वेगळी यायची; आता दोनच तारा म्हटल्यावर घंटेला आतल्या आत जोडून द्यायला हवं होतं, ते राहिलं. त्याने बोटभर तारेचा तुकडा दोन स्क्रूंच्या मध्ये टाकला, घंटेच्या वाट्या जरा जवळ सरकवल्या, कारण डब्यातून येणारी वीज मवाळ. मग कपाळाला हात लावून पुन्हा पाखाडी चढला.

या वेळी वाजला.

तो आवाज घरातून बाहेर पडला, अंगण ओलांडून वाडीत गेला. आणि विमलाचा हात पुढे होण्याआधी, हातभर अंतरावर बसलेला भागोजी पूर्ण ताकदीनिशी ओरडला, ‘विमलाऽ! फोन वाजतोय गो!’

विमलाने फोन उचलला. वरून रावजी म्हणाला, ‘काय? आला की नाही आवाज स्वर्गातून?’

खाली आल्यावर त्याने एक गोष्ट सांगितली. तबकडी फिरते, पण ती फिरवून इथून फोन लागायचा नाही. नव्या डब्याला तबकडीची भाषा कळत नाही. आलेला फोन येईल, गेलेला जाणार नाही. आणि लाइट गेली की डबा बंद, मग फोनही बंद.

‘इथून कुणाला लावायचाच नाहीये,’ विमला म्हणाली. तिने त्याला बांगडे दिले, वर चार कोलंब्या. आपण आपल्या सुटकेचा मोबदला देतो आहोत अशी तिची समजूत होती.

रावजी पाखाडीला लागतो न लागतो तोच येसूबाई अंगणात आली. ऐंशीची, काठीशिवाय चालणारी, कुणी विचारलं की काठी शोधणारी. ती ओटीच्या पायरीवर बसली. तिच्या मागून वाडीतली आणखी दोघं म्हातारी माणसं आली आणि तीही बसली.

‘काय येसूकाकी?’ विमलाने विचारलं.

‘फोन वाजला ना? कोनाचा हाय? आमच्या बाबल्याचा काय?’

‘रावजीचा होता. वाजतो का बघत होता.’

‘बरा. मंग बाबल्याचा येल. बसते मी.’

आणि बाबल्याचा आला. तिचा मुलगा बाबल्या नालासोपाऱ्याला असतो. आईच्या मोबाईलचं रिचार्ज संपलेलं, असलं तर रेंज नाही, रेंज असली तर आई सड्यावर नाही. विलणकरांचा फोन चालू झाल्याचं त्याला त्या आठवड्यातच कळलं. नंबर त्याला शोधावा लागला नाही. शिकलेलं सगळं विसरलेल्या माणसालाही तो नंबर येत होता. त्याने लावला, विमलाने उचलला, आणि बाबल्या सवयीने म्हणाला, ‘वैनी, आईला बोलवा, दहा मिनिटांनी करतो.’

आता तिकडे बूथ नव्हता, आकडे पळत नव्हते, फोन फुकट होता. आई समोरच्या पायरीवर बसलेली होती. तरीही तो ठेवून मोकळा झाला, आणि येसूबाई ओटीवर येऊन दहा मिनिटं फोनकडे बघत बसली. तिच्या तोंडावर जे समाधान होतं ते फोन आल्यावरही नव्हतं.

एकाचं बघून दुसऱ्याने, दुसऱ्याचं बघून तिसऱ्याने. पंधरवड्यात विमला पूर्वीसारखी पळायला लागली. फरक एवढाच की पूर्वी तिचे गुडघे तरुण होते. भाजी चिरताना फोन, आंघोळीत फोन, मांदेली पसरायला घेतली की हमखास फोन. आणि दर वेळी आतून अध्यक्षांची ललकारी.

शिवाचा सकाळी एक आणि दिवे लागताना एक. त्याने फोन बाबांसाठी हवा म्हटलं होतं, पण विमलाने उचलल्यावर तो म्हणायचा, ‘आहेस ना?’

‘आहे.’

‘बरं.’ आणि ठेवायचा.

पूर्वी तो मोबाईलवर लावायचा, लागायचा नाही, आणि विमला मैनाकडे आहे, बाजारात आहे की समुद्रावर, हे त्याला कळायचं काही कारण नव्हतं. रेंज नाही म्हणजे घरीच असेल, असं तो धरून चालायचा. आता भिंतीला बांधलेला फोन. तो उचलला म्हणजे घरी. नाही उचलला म्हणजे कुठे? ही सोय विमलाने स्वतःच रावजीला बांगडे देऊन करून घेतली होती. लाइट गेली की तिला बरं वाटायचं. वाडीत लाइट गेल्यावर गालातल्या गालात हसणारी ती एकटीच बाई होती, आणि बाकीच्यांना वाटायचं हिचं वय झालं.

पण हे सगळं तिने चालवून घेतलं असतं. वाडीला काय, बाबांनी फोन घेतला की माणसं मैना बोलावील. शिवाला काय, तो विचारील आणि ऐकील. खरा प्रश्न वेगळाच निघाला. भागोजी फोन उचलत नव्हता.

तिने परीक्षा घेऊन पाहिली. शिवाच्या फोनच्या वेळेला ती मैनाच्या घरात जाऊन बसली. भिंतीपलीकडे घंटा वाजायला लागली. मग भागोजी. ‘विमलाऽ!’ घंटा. ‘विमलाऽऽ!’ घंटा. ‘अगो फोन!’ मग घंटा थांबली. मग भागोजी स्वतःशीच मोठ्याने, ‘गेला.’

मैना म्हणाली, ‘विमलाताय, हे तुमच्या दिवसकार्यापर्यंत असंच चालायचं.’

विमला घरी आली. भागोजी शांतपणे खाटेच्या सुतळ्या ओढत होता. त्याच्या हातांना काही ना काही ओढायला लागतं.

‘बाबा, हात लांब केलात तर पोचतो फोनला.’

‘पोचतो की.’

‘मग उचलायचा.’

‘मी?’

‘दुसरं कोण आहे घरात?’

‘तू हायस.’

‘मी दसऱ्याला हर्णेला जाते म्हणून तर हा फोन लावून घेतला. मी नसताना तुम्ही उचलायचा म्हणून.’

भागोजीने सुतळी सोडली. ‘जा की. मी काय तुला धरून ठेवलाय?’

‘तुम्ही उचलला नाहीत तर मी कशी जाणार?’

‘हे बघ विमले,’ तो म्हणाला, आणि या वेळी ओरडला नाही, ‘इतकी वर्सं ह्या घरातना बायमाणसाचा आवाज गेलाय. वाडीला म्हायत हाय, मुंबयला म्हायत हाय. उद्या मी ‘हॅलो’ बोललो, की तिकडं काय समजतील? भागोजीची सून घर सोडून गेली. म्हातारा एकटा पडला. ता मी कशाला सांगू, ता पण माज्या तोंडानं?’

त्याचं म्हणणं अगदी बरोबर होतं. तिकडे तसंच समजले असते. ती चुलीपाशी जाऊन बसली. फडक्यांचं गाठोडं मांडणीखाली होतं, त्यातलं एक काढून तिने भांडी पुसायला घेतलं.

दसरा जवळ आला. विमला हिराला ‘येत नाही’ सांगायला सड्यावर गेली. सड्यावर गवत पिवळं पडायला लागलं होतं आणि वारा सुकवणीचा होता. तो वारा पाहून तिला आणखी वाईट वाटलं.

‘फोन लागला ना?’ हिराने विचारलं.

‘लागला. उचलणारा नाय.’

‘म्हणजे त्या घरात उचलणारी तू एकटी. पगार काय देतात गो?’

‘हसू नको हिरा.’

‘मी कुठे हसते? मी परवा सकाळी भट्टीवाल्याच्या सुनेला हो सांगते, एवढंच. उद्या संध्याकाळपर्यंत आलीस तर तू, नायतर ती.’

हिराने ठेवला. विमला मोबाईल हातात घेऊन उभी राहिली. एकदा शेवटचं बघू म्हणून तिने घरचा नंबर लावला. ती घरात नव्हती, मैना बाजाराला गेलेली, ओटीवर भागोजी एकटा असेल. उचलला तर उचलला. वरून तिला घंटा ऐकू येत नव्हती, पण कानात रिंग जात होती. एक, दोन, चार, आणि मग खडखड करत रिसीव्हर उचलला गेला.

‘ह्यालोऽ,’ कुणीतरी म्हणालं. भागोजी नव्हे. येसूबाई. ती रोजच्याप्रमाणे पायरीवर येऊन बसली असणार, भागोजी रोजच्याप्रमाणे ओरडला असणार, आणि कुणीच येत नाही म्हटल्यावर जी जवळ होती तिने उचलला.

‘काकी, मी विमला बोलते.’

‘विमला न्हाय घरात,’ येसूबाई ठणकावून म्हणाली. फोनवर बोलायचं काय ते ती वर्षानुवर्षं पायरीवर बसून ऐकत आली होती. ‘बोलावते तिला. धा मिन्टांनी कर.’ आणि ठेवून दिला.

मग सड्याच्या टोकावर उभ्या असलेल्या विमलाला खालून, माडांच्या शेंड्यांमधून, येसूबाईची हाक ऐकू आली, ‘विमलाऽऽ! तुजा फोन आलाऽऽ!’ वाडीतून दुसऱ्या कुणीतरी ती हाक उचलली आणि पुढे दिली. विमला, विमला, फोन. तिला सगळी वाडी शोधत होती.

आजवर या हाकेला तिने ओ दिली नाही असं झालं नव्हतं. तोंड उघडलंही. मग मिटलं.

ती दहा मिनिटं सड्यावर बसून राहिली. ती पुढे म्हणाली की तिला विचार करायचा नव्हता, पाय दुखत होते. नंतर तिने परत फोन लावला. पुन्हा येसूबाई.

‘बोलावलाय तिला,’ येसूबाई म्हणाली. ‘येतंय. तू जरा दम धर.’ आवाजात बाबल्याशी बोलतानाही नसतो तेवढा तोरा होता.

दुसऱ्या दिवशी विमलाने भागोजीसमोर पिशवी ठेवली. पिशवीत दोन साड्या, फडक्यांचं गाठोडं, सुरी आणि बटणांचा मोबाईल.

‘बाबा, येसूकाकी दिवसभर इथेच असते. ती उचलेल. तुम्हाला उचलायला नको.’

भागोजीने येसूबाईकडे पाहिलं. ती फोनजवळच्या स्टुलावर बसली होती. पायरीवरून स्टुलावर तिची बढती सकाळीच झाली होती, आणि विमलाचा विणलेला रुमाल तिने मांडीवर घेतला होता.

‘बायमाणसाचाच आवाज,’ भागोजी म्हणाला.

‘हो.’

‘मंग ठीक हाय.’ तो खाटेच्या सुतळ्यांकडे वळला. विमला ओटीच्या पायऱ्या उतरत होती तेव्हा मागून म्हणाला, ‘हिराला सांग, गेल्या साली पाठवलेले सुके बांगडे आतना ओले होते. एक ऊन जास्त द्या म्हनावा.’ याहून जास्त आशीर्वाद त्या घरात कुणी कुणाला दिल्याचं ऐकिवात नाही.

विमला पाखाडी चढून गेली. दापोलीची एस्टी आली, ती बसली.

दिवे लागताना शिवाचा फोन आला. येसूबाईने पहिल्या घंटेला उचलला.

‘ह्यालो.’

‘कोण? येसूकाकी? विमला कुठेय?’

‘हाय की. बोलावते. धा मिन्टांनी कर.’

दहा मिनिटांनी त्याने केला. येसूबाईने सांगितलं की मघाशी बोलावलंय, निघाली असेल. आणखी दहा मिनिटांनी केला, तेव्हा ती म्हणाली, ‘अरे बाबा, घाई करून काय फोन लवकर येतो काय?’

‘बाबा आहेत का तिथे?’

‘हितंच बसलेत.’

‘द्या त्यांना.’

येसूबाईने रिसीव्हर पदराने पुसला आणि भागोजीच्या हातात दिला. भागोजीने तो घेतला. घ्यायला त्याची कधीच हरकत नव्हती.

‘बरा हाय मी,’ तो म्हणाला.

‘बाबा, विमला कुठे आहे?’

भागोजीने समोर अंगणाकडे पाहिलं. मासळी सुकवायच्या जाळ्या मैनाने गुंडाळून भिंतीला उभ्या केल्या होत्या, आणि कावळे सवयीने येऊन रिकाम्या अंगणात चालत होते.

‘बोलावलाय तिला,’ तो म्हणाला, आणि रिसीव्हर येसूबाईकडे परत दिला. ठेवणं हेही त्याचं काम नव्हतं.

शिवा दोन्ही वेळा फोन करतो. त्याला दोन्ही वेळा तेच सांगतात, आणि हे सांगताना कुणी खोटं बोलत आहे असं वाडीत कुणालाच वाटत नाही. अधूनमधून तो बायकोच्या मोबाईलवरही लावून पाहतो. तो लागत नाही. खाली रेंज नाही, हे त्याला माहीत आहे.

हर्णे बंदरात रेंज पूर्ण येते. विमलाचा मोबाईल तिथे बंद असतो.